गाळलेली जागा रिकामी नसते

आधी हे वाक्य वाचा. यातला दर पाचवा शब्द मी काढून टाकला आहे.

काठावरून खाली उतरताना वाळलेली ____ पायाखाली कुरकुरतात, मधूनच मोराचा ____ कानावर पडतो आणि झाडी ____ की लोणारच्या खाऱ्या सरोवराचं ____ समोर येतं.

पहिल्या जागी तुम्ही ‘पानं’ भरलं असणार. ‘फांद्या’ का नाही भरलं? फांद्याही वाळतात, पायाखाली येतात, मोडताना वाजतात. पण ‘वाळलेली’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने त्यांची वाट अडवली. फांद्या असत्या, तर तिथे ‘वाळलेल्या’ हवं होतं. दुसऱ्या जागी ‘मोराचा’ म्हटल्यावर पुल्लिंगी शब्द हवा. पिसारा पुल्लिंगीच आहे, मोराला शोभतोही, पण पिसारा कानावर पडत नाही. म्हणून आवाज. या सगळ्या छाननीला तुम्हाला किती वेळ लागला? बहुधा काही वेळ लागला असं जाणवलंच नसेल. लिंग, वचन, क्रियापद, जंगलाची ओळख, मोराची सवय हे सगळं एका क्षणात तपासून झालं, आणि त्यातला एकही नियम मनात उच्चारावा लागला नाही.

पुढच्या दोन जागा मात्र सैल आहेत. झाडी ‘संपली’, ‘सरली’, ‘ओलांडली’, काहीही चालेल. सरोवराचं ‘पाणी’ समोर येतं तसं ‘रूप’ही येतं. म्हणजे कोरी रेघ सगळीकडे सारखीच दिसली, तरी काही जागा आजूबाजूच्या शब्दांनी आधीच जवळजवळ भरून टाकलेल्या असतात आणि काही खरोखर मोकळ्या असतात.

बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव इथल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली नेमक्या याच रेघांशी झुंजत बसलेली असतात, फक्त त्यांच्या रेघा इंग्रजी वाक्यांत असतात. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न. बँकांच्या बहुतेक पूर्वपरीक्षांत ३०. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न, म्हणजे २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे. (सातबारा मराठीत लिहायचा, गावकऱ्यांशी मराठीत बोलायचं, आणि नोकरीचा दरवाजा मात्र इंग्रजीतल्या रेघेपाशी. हा वाद जुना आहे, तो इथे राहू द्या.) या प्रश्नांत गाळलेल्या जागा हमखास भेटतात. कधी एकेका वाक्यात, कधी अख्ख्या उताऱ्यात. त्या उताऱ्याला परीक्षेच्या भाषेत क्लोझ टेस्ट म्हणतात.

दर ठरावीक शब्द गाळण्याची ही युक्ती विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत मांडली. गंमत म्हणजे त्यांना वाचणाऱ्याची परीक्षा घ्यायचीच नव्हती, त्यांना मजकुराची परीक्षा घ्यायची होती. एखादा लेख सोपा की अवघड हे कसं मोजायचं? त्यातला दर पाचवा शब्द काढा आणि लोकांना भरायला सांगा. जितके शब्द बरोबर परत येतील तितका लेख सोपा. मोजपट्टी उलटी धरली की तीच वाचणाऱ्याला लागू पडते, हे शिक्षकांच्या लगेच लक्षात आलं.

पण त्याच्याही अर्धशतक आधी गाळलेल्या जागा एका जर्मन माणसाच्या हातात होत्या. हर्मान एबिंगहाउस. विसरण्याचा आलेख काढणारे हेच ते गृहस्थ. १८८५ च्या त्यांच्या पुस्तकात प्रयोग करणारेही तेच आणि प्रयोग ज्याच्यावर झाला तो माणूसही तेच. अर्थाची लुडबुड नको म्हणून त्यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरगट बनवले, ते पाठ केले आणि किती दिवसांत किती विसरतो हे मोजलं. पुढे ब्रेस्लाऊ शहराला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, एक प्रश्न पडला: सकाळची सलग पाच तासांची शाळा मुलांना थकवते का? एबिंगहाउस यांनी मुलांना बेरजा-गुणाकार दिले, आकडे लक्षात ठेवायला दिले आणि तिसरी कसोटी म्हणून गाळलेल्या जागांचे उतारे दिले. १८९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. थकव्याचं कोडं बाजूलाच राहिलं, पण हुशार आणि मागे पडणारी मुलं सर्वांत स्पष्ट वेगळी दिसली ती या तिसऱ्या कसोटीत. अर्थ हाकलून लावणारे प्रयोग करून नाव मिळवलेल्या माणसाने नंतर निव्वळ अर्थाच्या जोरावर सुटणारी परीक्षा बनवावी, याचं मला अजूनही नवल वाटतं. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ ची आपली बुद्धिमापन कसोटी तयार करताना हा प्रकार तिच्यात उचलून घेतला.

भाषा इतकी अंदाज करण्याजोगी का असते? टेलिफोनच्या बेल कंपनीतले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये याचं मोजमाप करून दाखवलं. झाकलेल्या इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर कोणतं, एवढंच विचारायचं. चुकलं तर खरं अक्षर सांगायचं आणि पुढे जायचं. त्यांच्या एका नमुन्यात मोकळ्या जागा धरून १२९ अक्षरं होती, त्यातली ८९ पहिल्याच अंदाजात बरोबर आली. सत्तावीस चिन्हं, म्हणजे सव्वीस अक्षरं आणि एक मोकळी जागा, नुसती उधळून दिली असती, तर असं घडलं नसतं. शॅनन यांच्या हिशेबाने लांबलचक इंग्रजी मजकुरातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग आधीच्या मजकुरावरून ठरून गेलेला असतो. फोनवर खरखर असतानाही आपल्याला बोलणं समजतं ते याच जादा मालामुळे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात भाकिताला एक पत्ता आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी धान्याच्या दाण्यांकडे बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ते खरं की खोटं हे कळायला हंगाम उलटावा लागतो. मेंदू वाचताना शब्दागणिक भाकीत करतो आणि त्याचा निकाल अर्ध्या सेकंदाच्या आत लागतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये लोकांच्या डोक्याला विद्युतवाहक टिकल्या लावून पडद्यावर एकेक शब्द दाखवला. वाक्य सरळ चाललेलं, आणि शेवटी गरम पावाला लोण्याऐवजी मोजे फासलेले. तो वेडगळ शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक खळगा उमटला. चार वर्षांनी त्यांनी आणखी पुढचं दाखवलं: शब्द वेडगळ असायचीही गरज नाही, नुसता अनपेक्षित असला तरी खळगा पडतो. अपेक्षित म्हणजे किती, हे त्यांनी कसं ठरवलं? तीच वाक्यं दुसऱ्या लोकांना शेवट गाळून दिली आणि कोणता शब्द कितींनी भरला ते मोजलं. जास्त लोकांनी भरलेला शब्द, तर लहान खळगा. परीक्षेच्या पेपरातली साधी रेघ अशी मेंदूविज्ञानाची फूटपट्टी झाली.

आता हा सगळा तयार अंदाज इंग्रजीत का कोलमडतो ते पाहू. हा प्रश्न घ्या.

द व्हिलेजर्स ____ द प्रपोजल बिकॉज इट वुड ड्राय अप देअर वेल्स.

पर्याय: वेलकम्ड, ऑब्जेक्टेड, अपोज्ड, डिसअग्रीड.

विहिरी आटणार म्हटल्यावर गावकरी प्रस्तावाचं स्वागत करणार नाहीत. ‘बिकॉज’ने पहिला पर्याय पाडला. त्यासाठी इंग्रजीपेक्षा मोताळ्याच्या उन्हाळ्याची ओळख जास्त उपयोगी. उरले तीन. ज्याने शब्दांच्या वहीत तिन्हींसमोर ‘विरोध करणे, असहमत होणे’ असं लिहून ठेवलंय तो इथे अडकतो, कारण अर्थ तिन्हींचा लागतो. निकाल देतो तो रेघेनंतरचा चिमुकला ‘द’. ऑब्जेक्टेडला पुढे ‘टू’ लागतं, डिसअग्रीडला ‘विथ’, आणि अपोज्डला काहीच नको. उत्तर अपोज्ड. प्रश्न काढणाऱ्याने तिन्ही शब्दांचा अर्थ मुद्दाम जवळजवळ ठेवला आणि फरक शेजाऱ्यांत लपवला. चांगल्या प्रश्नाची हीच ओळख आहे. चुकीचे पर्याय बनवणं हे बरोबर पर्यायापेक्षा कष्टाचं काम असतं, आणि त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही.

शब्द त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखावा, हा विचार १९५७ मध्ये जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने ठासून मांडला. हे फर्थ १९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मराठीत हे शेजार आपल्याला कुणी शिकवलेले नसतात. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, पाऊस मात्र मुसळधार. ‘कडक पाऊस’ असं वऱ्हाडातलं लहान पोरही म्हणणार नाही. इंग्रजीत चहा स्ट्राँग आणि पाऊस हेवी. तर्काने यातलं काहीच सिद्ध करता येत नाही, ते भेटून भेटूनच कळतं.

त्यात आपला मराठी कान मधूनच मदत करतो आणि मधूनच दगा देतो. ‘वर अवलंबून’ म्हणणाऱ्याला ‘डिपेंड ऑन’ सहज जमतं. पण ‘तिच्याशी लग्न’ म्हणणारा हमखास ‘मॅरीड विथ’ लिहितो, तिथे ‘टू’ हवं असतं. ‘विषयी चर्चा’ करणारा ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ चिकटवतो, तिथे काहीच नको असतं. मराठीत हे काम शब्दाला चिकटलेले प्रत्यय करतात, इंग्रजीत सुटे शब्द करतात, आणि दोघांची वाटणी एकसारखी नाही. परीक्षक या फटी पुरत्या ओळखून असतात.

म्हणून पाच हजार शब्दांच्या पाठांतराच्या जाडजूड पुस्तकांवर माझा फारसा विश्वास नाही. ढाक्यात शिकवताना इंग्रजी वाचनाचा प्रश्न हाती घेतलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दर पाचातले जवळपास चार शब्द एवढ्यातच सापडतात. पेपर सोडवायला कामी येतात ते दुर्मीळ शब्द कमी आणि हे रोजचे शब्द आपल्या शेजाऱ्यांसह जास्त.

सरावाची एक पद्धत मात्र प्रयोगांनी खरी ठरवली आहे. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या, तर काहींना दुसऱ्या शब्दाचं फक्त पहिलं अक्षर देऊन बाकीचा स्वतः काढायला लावला. स्वतः काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले. अभ्यासिकेत याचा उपयोग असा: प्रश्न वाचताना चारही पर्याय तळहाताने झाका, आधी स्वतःचा शब्द भरा, मगच हात काढा. आपला शब्द पर्यायांत नसला तर आणखी चांगलं, कारण तो का चालला नसता हे शोधावं लागतं. पर्याय आधी वाचले की चारही बरे वाटू लागतात.

आणि तुक्का? त्याचंही गणित आधीच करून ठेवलेलं आहे. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय, बरोबरला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. डोळे मिटून पाच प्रश्न ठोकले तर सरासरीने एक बरोबर, चार चूक: एक अधिक, एक वजा, हाती शून्य. दंड नेमका तेवढाच ठेवलाय. पण पाचातला एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे पाव गुण खिशात. अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे, पण फारच थोडी.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट २०१८ मधली आहे. गूगलच्या संशोधकांनी बर्ट नावाची संगणकप्रणाली बनवली. तिला व्याकरण शिकवलं नाही, शब्दकोश दिला नाही. विकिपीडिया आणि हजारो पुस्तकं मिळून सुमारे ३३० कोटी शब्दांचा इंग्रजी मजकूर दिला, त्यातले १५ टक्के शब्द निवडले आणि मुख्यतः एकच गृहपाठ लावला: गाळलेल्या जागा भरा. चुकलास तर दुरुस्त कर, पुन्हा भर. एवढ्यावर ती इतकी तयार झाली की पुढच्याच वर्षी गूगलच्या इंग्रजी शोधयंत्रात लोकांचे प्रश्न समजून घेण्याच्या कामाला लागली. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये हाच प्रयोग मराठीत केला. त्यासाठी सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यं जमवली आणि प्रणालीचं नाव ठेवलं महाबर्ट. ‘वाळलेली’नंतर ‘फांद्या’ येत नाहीत, हे तिलाही कुणी सांगितलेलं नाही.

बर्टच्या गृहपाठात एक खोच होती. निवडलेले सगळे शब्द खरोखर गाळलेले नसायचे. दहातल्या आठांच्या जागी रेघ, एकाच्या जागी भलताच कुठला तरी शब्द, आणि एक जसाच्या तसा. त्यामुळे समोर दिसणाऱ्या शब्दावरही विसंबून राहता येईना, प्रत्येक जागी शेजाऱ्यांना विचारणं भाग पडलं. आपल्या परीक्षांतही या दोन गोष्टी शेजारीशेजारी असतात, एकीचं नाव गाळलेल्या जागा आणि दुसरीचं वाक्यातली चूक शोधा. मुलं त्यांचा सराव वेगवेगळ्या वह्यांत करतात. पण इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका परिच्छेदातले आठ शब्द खोडून आणि एक शब्द गुपचूप बदलून तो शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडे सरकवायला वही लागत नाही. आणि कुठला शब्द बदलला तर तो फसेल हे ठरवताना निम्मा अभ्यास सरकवणाऱ्याचाच होतो.