कावळा घरी का येतो?

समजा, बिबवेवाडीतल्या एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गात इंग्रजी कवितेचा तास चालू आहे. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मुले यादी उतरवून घेतात, कविता एकदा सुरात म्हणतात आणि तास संपतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, पण कवितेचा तास बराचसा असाच राहिला. अर्थ कळतो; कवीने नेमका हाच शब्द का घेतला, हा प्रश्न राहून जातो. त्याच्या उत्तराची निम्मी तयारी मुलांनी घरून, मराठीतून आणलेली असते. ती कशी, हे एका साध्या प्रयोगाने पाहू.

फळ्यावर दोन वाक्ये लिहा. 'कावळा घरी आला.' 'काक स्वगृही परतला.' मुले हसतील. अर्थ तर एकच, मग हसू का आले? 'घर', 'हात', 'दूध' हे शब्द प्राकृतातून झिजत झिजत आपल्या तोंडी आले. 'गृह', 'हस्त', 'दुग्ध' हे शब्द पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचलले. शब्द कोणत्या वाटेने आला, ते मुलांच्या कानाला आधीच कळते.

आता तीच वाक्ये इंग्रजीत लिहा. 'द क्रो केम होम.' 'द क्रो रिटर्न्ड टू इट्स रेसिडेन्स.' पुन्हा तोच फरक! 1066 साली फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली; चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन होतीच. त्यामुळे एकाच अर्थाचे थर तयार झाले. 'किंगली' हा घरचा शब्द, 'रॉयल' फ्रेंचमधून आलेला, तर 'रीगल' लॅटिनमधून. गोठ्यातली 'काऊ' घरची, पण ताटातले 'बीफ' फ्रेंच. घरचे जुने शब्द बहुधा आखूड असतात : होम, हँड, मिल्क, हार्ट. कवीला जवळीक साधायची असली की तो अनेकदा याच शब्दांकडे वळतो. थाट हवा असला की दुसऱ्या थरातला शब्द घेतो.

हे थर एकमेकांपासून अगदी तुटलेले मात्र नसतात. याचे उदाहरण बिबवेवाडीच्या नावावरून सहज आठवणाऱ्या बिबव्यात सापडते. बिबव्याच्या काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत, म्हणून इंग्रजीत त्याला 'मार्किंग नट' म्हणतात. (रस अंगावर उततो, वर्गात आणू नये!) त्याचे शास्त्रीय नाव 'सेमेकार्पस अनाकार्डियम'. यातील 'सेमेकार्पस' म्हणजे ग्रीकमध्ये खुणेचे फळ. 'अनाकार्डियम'मध्ये 'कार्डिया', म्हणजे हृदय, हा शब्द आहे. 'कार्डिओग्राम'मध्येही तोच आहे. आणि 'हार्ट'? तो 'कार्डिया'चाच चुलतभाऊ आहे.

'क'चा 'ह' कसा झाला? परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने 1822 साली असे बदल नियमाने होतात हे सविस्तर मांडले. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमधील 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' दिसतो : पितृ–फादर, पद–फूट. 'त'च्या जागी 'थ' : त्रि–थ्री. 'क'च्या जागी 'ह' : कार्डिया–हार्ट. म्हणजे डॉक्टरांचा 'कार्डिॲक' आणि कवीचा 'हार्ट' एकाच मुळाचे. एक ग्रंथांतून आला, दुसरा घरातून.

येथे एक सावधगिरी हवी. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच. पण नाते काहीच नाही. तो निव्वळ योगायोग आहे. 'काक' आणि 'क्रो' सारखे वाटतात, कारण दोन्ही भाषांनी कावळ्याच्या ओरडण्याची नक्कल केली. 'पगार', 'चावी', 'बटाटा' आपण पोर्तुगिजांकडून घेतले, तर आपले 'मुंगूस' इंग्रजीत जाऊन 'मॉन्गूस' झाले. साम्य दिसले की नाते, उसनवारी, नक्कल की योगायोग, असे चार प्रश्न विचारावेत. विज्ञानात जसे निरीक्षणावरून लगेच निष्कर्ष काढत नाहीत, तसेच हेही.

सरावासाठी शाळेच्या परिसराचेच नाव घ्या. बिबवेवाडी ही बिबव्याच्या झाडांवरून की बिबवे आडनावावरून? मुलांना दोन्ही तर्क मांडू द्या आणि मग विचारा, 'पुरावा कोणता?' जुने दस्तऐवज, सातबारा, वयस्क रहिवाशांच्या आठवणी, कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' अशी साधने सुचवा. पुरावा पुरेसा नसेल तर वहीत 'अजून ठरले नाही' असे लिहायला शिकवा. हेही उत्तरच आहे.

आणि पुढची कविता शिकवताना अर्थांची यादी थोडी मागे ठेवा. एका ओळीतला एकच शब्द बदलून ती मोठ्याने वाचा. मुले हसली किंवा त्यांनी नाक मुरडले, तर कवीने तो शब्द का निवडला हे त्यांना कळू लागले आहे असे समजावे.