लातूरच्या भिंतीतला समुद्र

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आलं. अशा शहरात दिवाणखान्याच्या भिंतीत हजार लिटरचा समुद्र, म्हणजे प्रवाळांचं मत्स्यालय, बसवायचं, तर पहिला हिशेब पाण्याचाच.

बोअरचं जड पाणी प्रवाळांना चालत नाही. आरओ लागतो, आणि तो बरंच पाणी वाया घालवतो. गाळलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ३५ किलो खास सागरी मीठ. वजन टनावर जातं, म्हणून खाली भक्कम लोखंडी सांगाडा.

लातूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. प्रवाळांना पंचविशीच मानवते. चिलर हवा, वीज गेली तर इन्व्हर्टरही.

दुकानदार काहीही सांगो, आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. ते काढून विकणं गुन्हा.