डिझेल इंजिनाचें आयुष्य व त्याचा धूर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी, गवंडी, घोडे बाळगणारे अशा लोकांच्या दारांत एक विशिष्ट जातीचें वाहन उभें असतें. पुढें चालकाची जागा, मागें उघडा हौदा, आणि जनावरांची किंवा यंत्रांची गाडी जोडण्यासाठीं पाठीमागें आंकडा. ह्यास पिकअप ट्रक म्हणतात. ह्यांतील जड ओझें ओढणाऱ्या वाहनांत पुष्कळदां डिझेल इंजिन असतें, आणि त्याविषयीं मालकवर्गांत एक वाद कित्येक वर्षें चालू आहे. जुनें इंजिन चांगलें कीं नवें? धूर शुद्ध करणारीं उपकरणें इंजिनाचें आयुष्य व तेल खातात काय? वाद केवळ पैशांचा असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु तो श्वासाचाही आहे, आणि आतां तो आपल्या रस्त्यांवरही येऊन ठेपला आहे.

रूडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्यांतील युक्ति अशी कीं, सिलिंडरांत प्रथम केवळ हवा घेऊन ती दट्ट्यानें अतिशय दाबावयाची. आधुनिक इंजिनांत ती सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्श्याएवढ्या जागेंत कोंडली जाते व इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. ठिणगीची गरजच उरत नाहीं. दाब जितका अधिक, तितका त्याच उष्णतेंतून अधिक कामाचा लाभ होतो. शिवाय एक लिटर डिझेलांत एक लिटर पेट्रोलापेक्षां उष्णताही अधिक असते. डिझेल वाहनाच्या काटकसरीचें मूळ येथें आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचेंही. कारण एवढा दाब सोसावयाचा तर इंजिन मुळांतच धिप्पाड घडवावें लागतें.

ह्याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंडियाना संस्थानांतील कोलंबस गांवच्या कमिन्स कंपनीचें ५.९ लिटरचें इंजिन. मूळचें शेतकीच्या व तत्सम यंत्रांसाठीं व मालमोटारींसाठीं योजलेलें हें इंजिन १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्यें बसविण्यांत आलें. शक्ति अवघी १६० अश्वबळ. पण ओतीव लोखंडाचा देह, एका ओळींत सहा सिलिंडर, पट्ट्याऐवजीं दांत्यांच्या चाकांनीं फिरणारा कॅमशाफ्ट, आणि मिनिटाला सुमारें २,५०० फेऱ्यांपलीकडे न जाणारी संथ चाल. जो हळू चालतो तो कमी झिजतो, हा न्याय यंत्रांसही लागू आहे. तीन-चार लक्ष मैल धावलेलीं अशीं वाहनें तिकडे दुर्मिळ नाहींत. पुष्कळदां इंजिन शाबूत, पण पत्रा गंजलेला व गिअरपेटी निकामी, अशी अवस्था आढळते. तथापि जुन्या वस्तूंची स्तुति करणारे एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. ह्याच इंजिनांत पुढील बाजूस एक लहानशी खुंटी असे. ती सुटून दांत्यांच्या चाकांत पडली कीं, सगळ्या थोरवीचा क्षणांत निकाल लागे!

आतां धुराकडे वळूं. डिझेलच्या धुरांत दोन वैरी असतात: एक काजळी व दुसरा नत्रवायूचीं ऑक्साइडें. ज्वलन अधिक तप्त केलें तर काजळी जळते, पण ऑक्साइडें वाढतात. तें थंड केलें तर ऑक्साइडें घटतात, पण काजळी माजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक असल्याचें ठरविलें. तत्पूर्वींच अमेरिकेंत २००६ पासून डिझेलांतील गंधक दशलक्षांत १५ भागांवर आणलें गेलें होतें, कारण गंधक असतां शुद्धीकरणाचीं उपकरणें लवकर बिघडतात. पाठोपाठ २००७ व २०१० चे कडक नियम आले.

ह्या उपकरणांचें काम त्रिविध आहे. पहिलें थोडा धूर थंड करून पुन्हां इंजिनांतच सोडतें, म्हणजे ज्वलन मंद होऊन ऑक्साइडें कमी निपजतात; पण त्या धुराबरोबर काजळीही आंत शिरते, व मालकांची ही तक्रार खरी आहे. दुसरें म्हणजे पोळ्यासारखी चिनी मातीची गाळणी. तींत काजळी अडकते आणि गाळणी भरत आली कीं, थोडें जादा तेल खर्चून ती सुमारें ६०० अंश उष्णतेनें जाळून टाकावी लागते. तिसऱ्यांत युरियाचें पाणी धुरांत फवारतात. त्यापासून अमोनिया होऊन ऑक्साइडांचें निरुपद्रवी नत्रवायु व पाणी ह्यांत रूपांतर होतें. ह्या तिसऱ्याचा गुण फारसा कोणी गात नाहीं. ऑक्साइडांचा बंदोबस्त बाहेर होऊं लागला म्हणजे इंजिन आंत पुन्हां तप्त व काटकसरीनें चालवितां येतें. म्हणून सर्व उपकरणांस एकाच मापानें ‘तेलखाऊ’ म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्यांतून ८,५०० पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या पिकअपांस तेथें सरकारी मायलेजची चिठ्ठीच लावावी लागत नाहीं. मग जो तो आपल्या वहीवरून भांडतो.

खरा घात होतो तो वापराच्या रीतीनें. ओझें ओढण्यासाठीं केलेलें वाहन रोज दोन मैलांवरच्या बाजारांत नेलें, किंवा तासन्‌तास उभ्याउभ्या चालूं ठेवलें, तर धूर पुरेसा तापत नाहीं, गाळणी तुंबते, आणि ती साफ करण्यासाठीं सोडलेल्या तेलाचा कांहीं अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून वंगणांत मिसळतो. वंगण पातळ झालें कीं धिप्पाड इंजिनही झिजूं लागतें.

ह्या त्रासाला कंटाळून पुष्कळ मालकांनीं उपकरणेंच काढून टाकलीं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २०२० सालीं अंदाज केला कीं, मागील सुमारें दहा वर्षांत अशीं साडेपांच लक्षांहून अधिक डिझेल पिकअप वाहनें निघालीं, व त्यांच्या आयुष्यभरांत ५ लक्ष ७० हजार टनांहून अधिक ऑक्साइडें जादा बाहेर पडतील. वांचलेला पैसा मालकाच्या खिशांत, आणि धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसांत! पण दोष एकट्या मालकांचा नव्हे. कमिन्स कंपनीनें २०१३ ते २०१९ सालच्या सुमारें ६ लक्ष ३० हजार रॅम पिकअपांच्या इंजिनांत शुद्धीकरणास चुकविणारी योजना केली, असा सरकारचा आरोप होता. आपण वाईट हेतूनें वागलों हें कंपनीनें मान्य केलें नाहीं. परंतु २०२३ च्या डिसेंबरांत १६७ कोटी ५० लक्ष डॉलर दंड भरण्याचें कबूल केलें.

हीच कंपनी १९६२ पासून आपल्या पुण्यास कोथरूड येथें आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून भारतांतही बी.एस. ६ चे नियम लागू होऊन डिझेलांतील गंधक दशलक्षांत १० भागांवर आलें आहे. तेव्हां गाळणी व युरिया आपल्या चालकांसही परके राहिले नाहींत. गाळणीचा दिवा लागला असतां मोकळ्या रस्त्यावर वाहन थोडा वेळ वेगानें चालवून तिची सफाई पुरी होऊं द्यावी, मध्येंच इंजिन बंद करूं नये. वंगण कमी राख देणारें, कंपनीनें सांगितलेलेंच घालावें. कारण काजळी जळून जाते, पण वंगणाची राख गाळणींत कायमची बसते. आणि शेतांतला युरिया पाण्यांत विरघळवून टाकींत ओतण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, २०१५ पासून आपल्याकडील शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलानें माखलेला असतो. तो पिकास हितकर. परंतु फवाऱ्याचें बारीक तोंड त्यानें बुजतें, आणि तें उपकरण बदलण्याचा खर्च युरियाच्या कित्येक पोत्यांएवढा येतो.