वाऱ्याने वाकायचं किती? दहा मिलिमीटर

चोपड्याहून जळगावला निघालेली एसटी ताशी ५० किलोमीटरने चाललेली असताना खिडकीबाहेर तळहात आडवा धरला (कंडक्टर ओरडेल, आणि त्याने ओरडलंच पाहिजे), तर हवा त्यावर साधारण पावणेदोनशे ग्रॅमचा रेटा देते. तीच एसटी ३०० ने धावू लागली असं धरू. वेग सहापट झाला, पण रेटा झाला छत्तीसपट, म्हणजे सव्वासहा किलो. वेग दुप्पट केला की हवेचा जोर चौपट होतो आणि तो जोर कापत पुढे जायला इंजिनाची ताकद आठपट लागते. ३०० वरून ३३० वर जायचं तर वेगात फक्त दहा टक्के वाढ होते, ताकद मात्र ३३ टक्के जास्त ओतावी लागते.

हवा हलकी असते असं आपण उगाच म्हणतो. एका घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरतं. ताशी १०० ला ती समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४७ किलोंनी रेटते, ३०० ला ४२५ किलोंनी, ३५० ला जवळजवळ ५८० किलोंनी. फॉर्म्युला वनच्या गाडीचा समोरचा पसारा दीड चौरस मीटर धरला, तर ३०० च्या वेगात ती दर सेकंदाला ८३ मीटर जाते आणि तेवढ्यात दीड क्विंटल हवा बाजूला सारते. असा वेग जिथे घेता येईल अशी चोपड्याकडच्या माणसाला जवळची जागा म्हणजे सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की लागणारं पिथमपूर. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची चाचणी-धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. वळणांवरही ताशी ३७५ पर्यंतचा वेग झेपेल अशी तिची आखणी आहे. ३०० ने तिचा एक फेरा सव्वादोन मिनिटांत संपतो.

शर्यतीच्या गाडीची अडचण अशी, की वळणावर हाच जोर हवा असतो आणि सरळ रस्त्यावर नको असतो. वळणावर विंग, म्हणजे गाडीच्या पुढे-मागे बसवलेली पंखासारखी पाती, गाडीला जमिनीवर दाबून धरते, म्हणून टायर निसटत नाहीत. सरळ रस्त्यावर तीच विंग लोढणं होते. म्हणजे विंग गरजेप्रमाणे आडवी-उभी व्हायला हवी. ते वाऱ्याकडून करून घ्यायचं की यंत्र लावून, यावर पन्नासहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. १९६९ मध्ये स्पेनमधल्या मॉन्टहुइकच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांच्या उंच विंगा मोडल्या, गाड्या आदळल्या. त्यानंतर हलत्या विंगांवर बंदी आली. विंग कडक असली पाहिजे, असा नियम झाला.

पण पूर्ण कडक असं जगात काहीच नसतं. मग नियमाला मिलिमीटरात बोलावं लागलं. २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या विंगच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी १००० न्यूटन, म्हणजे क्विंटलभर ओझं ठेवलं, तर तिला १५ मिलिमीटर वाकायची मुभा होती. जूनमधल्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून ती १० वर आली. मागच्या विंगच्या दोन पात्यांमधल्या फटीचं प्रकरण तर आणखी बारीक आहे. ७५ किलो भाराखाली ती फट ऑस्ट्रेलियात २ मिलिमीटर रुंदावली तरी चालत होती. पुढच्याच शर्यतीत, चीनमध्ये, ही सूट अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली.

एवढं कातावण्याचं कारण आदल्या वर्षी बाकूला घडलं होतं. ऑस्कर पियास्त्री जिंकला त्या शर्यतीत मॅक्लारेनच्या मागच्या विंगचं वरचं पातं सरळ रस्त्यावर वाऱ्याने किंचित पीळ घेऊन फट उघडत असल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. उभ्या गाडीवरच्या सगळ्या चाचण्यांत ती विंग पास झालेली होती. कार्बन तंतूंचे थर कोणत्या कोनात रचायचे हे कळलं, की वाकण्याबरोबर पीळही आपल्याला हवा तसा बसवता येतो.

केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. केळीच्या पानाचा देठ पन्हळीसारखा असतो. तो वजनाखाली सहज वाकत नाही, पण पिळला चटकन जातो. केळीच्याच कुळातल्या मुसा टेक्सटिलिसच्या देठांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमका हाच गुण मोजला आहे. एवढं मोठं पान देठ एकट्याने पेलतो आणि वारा आला की पीळ घेऊन त्याच्या वाटेतून बाजूला होतो. तरी वादळात बागा झोपतातच, म्हणून आपल्याकडे बागेच्या कडेने शेवरी लावतात.

यंत्रवाल्या बाजूचे आकडेही काही कमी नाहीत. २०११ पासून मागची विंग उघडणारी डीआरएस ही यंत्रणा होती. २०२१ मध्ये ब्राझीलला हॅमिल्टनच्या गाडीची उघडी फट ८५ मिलिमीटरच्या मर्यादेपेक्षा ०.२ मिलिमीटरने जास्त भरली आणि त्याला पात्रता फेरीतून बाद केलं. (पठ्ठ्याने मुख्य शर्यत तरीही जिंकली.) २०१८ मध्ये मॉन्झाला सरावात मार्कस एरिक्सनची विंग ब्रेक लावताना बंदच झाली नाही. ३०० च्या वर वेग, गाडीच्या कोलांट्या. तो धडधाकट बाहेर आला हे नशीब. वाकणाऱ्या विंगला निदान बंद व्हायला विसरता येत नाही, म्हणून माझं मन तिच्याकडेच झुकतं.

नियम करणाऱ्यांचं मन मात्र दुसरीकडे झुकलं. २०२६ च्या नियमांत पुढची आणि मागची, दोन्ही विंगा उघडपणे हलतात. कारण ताकदीत आहे: इंजिनाच्या जोडीची विजेची मोटर १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली आणि हवेचा अडथळा तसाच ठेवला असता तर बॅटरी सरळ रस्त्यातच आटली असती. नियम जाहीर करताना सांगितलं गेलं, की अडथळा ५५ टक्क्यांनी आणि खाली दाबणारा जोर ३० टक्क्यांनी घटेल. ओझं ठेवून वाकणं मोजायच्या चाचण्या मात्र कायम ठेवल्या आहेत. विंग यंत्राने हलली तर ती नियमात बसते. वाऱ्याने हलली, तर अजूनही मिलिमीटर मोजले जातात.