सुट्टीची पेढी

मॉलच्या दारात लकी ड्रॉचं कूपन भरून घेणारी मुलं, चार दिवसांनी येणारा फोन, 'जोडीनेच या' ही अट आणि मग एसी खोलीत सुटता सुटणार नाही असं प्रेझेंटेशन. टाइमशेअरची ही बाजू मराठी मध्यमवर्गाला पाठ आहे, त्यामुळे ती सोडून देऊ. मला बरीच वर्षं नाद आहे तो या धंद्याच्या मागल्या दाराचा. कोडाईकॅनालचा आठवडा दिला की स्पेनच्या किनाऱ्यावरचा मिळतो म्हणतात. तो कोणत्या भावाने मिळतो, आणि तो भाव लिहितं कोण?

धंद्याचं मूळ युरोपात. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग सुरू झाली. भागधारकांच्या पैशातून कंपनीने घरं घ्यायची आणि भागधारकाने अमुक एका खोलीवर हक्क न सांगता पॉइंट मोजून त्या घरांत राहायचं, अशी तिची रीत. काही वर्षांतच फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेव्होलुईत ठरावीक आठवडे विकायला सुरुवात झाली. अमेरिकेने उचललं ते हे आठवड्याचं रूप, कारण ते विकायला सोपं होतं: अमुक खोली, अमुक आठवडा, कायमचा तुमचा. गोम 'कायमचा'मध्येच होती. दरवर्षी त्याच खोलीत, त्याच तारखांना जायचा कंटाळा येणारच.

या कंटाळ्यावर पेढी उभी केली ती इंडियानापोलिसच्या एका जोडप्याने. जॉन आणि क्रिस्टेल डीहान यांनी १९७४ साली रिसॉर्ट कॉन्डोमिनियम्स इंटरनॅशनल, म्हणजेच आरसीआय, सुरू केली. दोन वर्षांनी मायामीत इंटरव्हल इंटरनॅशनल ही प्रतिस्पर्धी निघाली आणि जगातली सुट्टीची अदलाबदल मुख्यतः या दोघींत वाटली गेली.

मूळ अडचण वस्तुविनिमयाचीच होती. मला तुमचा आठवडा हवा, पण तुम्हाला माझा नको. यावर तोड अशी की समोरासमोर अदलाबदल करायचीच नाही. गावच्या सामाईक पेवात प्रत्येकाने आपलं धान्य ओतावं आणि लागेल तेव्हा त्यातलं काढावं, तसं. आठवडा आधी पेढीत जमा करायचा. जमा केला की त्याच्यावरचा हक्क संपला. बदल्यात मिळते ती पत. तिच्या बळावर दुसऱ्या कुणाचा आठवडा उचलायचा आणि वर बदलीची फी भरायची, मूळ रिसॉर्टची वार्षिक देखभाल फी असतेच. आता आंबेमोहर ओतणारा आणि नाचणी ओतणारा यांना सारखंच माप द्यायचं का? नाही. म्हणून हंगाम, खोलीचा आकार, रिसॉर्टचा दर्जा, त्या जागेची मागणी आणि किती महिने आधी जमा केलं, हे सगळं धरून पेढी भाव लावते. नऊ महिने आधी दिलात तर पूर्ण किंमत, उशीर केलात तर घट.

क्रिस्टेलबाई जन्माने जर्मन, १९४२ साली नोर्डलिंगेनच्या. तरुणपणी त्या अमेरिकेत आल्या आणि घरून टंकलेखनाची कामं करत धंद्यात शिरल्या. १९८७ साली घटस्फोट झाला आणि दोघांनी वाढवलेली कंपनी कोणाकडे राहणार, यावर इंडियानाच्या न्यायालयात जुंपली. अखेर १९८९ मध्ये बाईंनी जॉन यांचा निम्मा हिस्सा सुमारे पावणेसात कोटी डॉलरना विकत घेतला. इथे मी नेहमी थबकतो. या कंपनीच्या सदस्यांना बदलून मिळणारं एकही रिसॉर्ट तिच्या मालकीचं नव्हतं. पावणेसात कोटी मोजले गेले ते रिसॉर्टांशी केलेल्या करारांना, सदस्यांच्या यादीला आणि कुणाचा आठवडा किती मोलाचा हे लिहिणाऱ्या वहीला. १९९६ मध्ये हीच वही एचएफएस या कंपनीला सुमारे ८२.५ कोटी डॉलरना गेली. १९८९ च्या भावाने अख्ख्या कंपनीची किंमत साडेतेरा कोटी होते. म्हणजे सात वर्षांत सहापट!

त्या पैशातून १९९८ साली बाईंनी क्रिस्टेल हाउस ही गरीब मुलांसाठी शाळा काढणारी संस्था स्थापन केली. तिची एक शाळा बंगळुरात निघाली आणि एक आपल्या लवासात. सुट्टीसाठी वसवलेल्या गावात सुट्टीच्या पैशाची शाळा! इकडे एचएफएसने सीयूसी या दुसऱ्या कंपनीशी विलीन होऊन सेंडंट नाव घेतलं आणि १९९८ मध्ये सीयूसीच्या हिशेबांतला प्रचंड घोटाळा उघडा पडला. पेढी मात्र चालूच राहिली.

भांडण लागलं ते सदस्यांशी. आपल्या आठवड्याला काय भाव लागला, हे सदस्याला कळतच नसे. पडद्यावर फक्त त्याच्या पतीत बसणारी ठिकाणं दिसत. न बसणारी दिसतच नसत. मग हुशार मंडळींनी उलटा तपास मांडला. दोन वेगवेगळे आठवडे जमा करायचे, दोन्हींवर एकच शोध घ्यायचा आणि कोणत्या आठवड्याला जास्त दिसतं ते ताडायचं. २००६ साली प्रकरण न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात गेलं. आरोप असा की सदस्यांनी जमा केलेले चांगले आठवडे पेढी बाहेरच्यांना भाड्याने देते आणि सदस्यांना उरलंसुरलं मिळतं. कंपनीने आरोप मानले नाहीत, तडजोड झाली. नोव्हेंबर २०१० पासून प्रत्येक जमा आठवड्यापुढे त्याची ताकद आकड्यात दिसू लागली, आणि स्वस्त आठवडा घेतल्यास उरलेली पत परत मिळू लागली. ही मोठी सुधारणा, यात वाद नाही. पण आकडा दिसणं वेगळं आणि तो ठरवण्यात आपला हात असणं वेगळं.

पॉइंटांचा मोह नेमका इथे फसवा ठरतो. २००० साली आरसीआयने पॉइंटांची योजनाही आणली. आठवडा मोडता येत नाही, पॉइंट मोडता येतात. तीन रात्री घ्या, उरलेले पुढे वापरा. सोय आहेच. मात्र आठवड्याच्या मालकाकडे निदान ठरलेली खोली आणि तारीख असते. पॉइंटवाल्याकडे असतो एक आकडा, आणि त्या आकड्यात काय येईल हे सांगणारा तक्ता दुसऱ्याच्या खिशात.

याला उतारा आहे. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्याने बंधन घातलंय की सदस्यांच्या हक्काच्या रात्री प्रत्यक्ष उपलब्ध रात्रींपेक्षा जास्त असता कामा नयेत. १९९१ साली पॉइंटांवरच सुरू झालेल्या डिस्नी व्हेकेशन क्लबमध्ये एखाद्या रिसॉर्टचे वर्षाचे एकूण पॉइंट बांधलेले असतात. नाताळ महाग करायचा तर दुसरे कोणते तरी दिवस स्वस्त करावे लागतात. पण हे कुलूप घरापुरतं. तेच पॉइंट घेऊन सदस्य बदलीच्या पेढीत गेला की तिथला भाव पेढीचा. त्यातून डिस्नीने पेढीच बदलली: २००९ मध्ये इंटरव्हलकडून आरसीआयकडे, २०२२ मध्ये पुन्हा इंटरव्हलकडे. पेढी बदलली की कोणत्या रिसॉर्टांचे दरवाजे उघडे, ही यादीही बदलते.

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही. क्लब महिंद्राच्या पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वात जांभळा, लाल, पांढरा, निळा असे हंगाम असतात, म्हणजे भावाचा निदान रंग तरी दिसतो. महाराष्ट्राने पाहिलेलं दुसरं टोक पॅनकार्ड क्लब्सचं. मुंबईच्या या कंपनीने खोल्यांच्या रात्री विकल्या, आणि मुक्काम नको असेल तर मुदतीअंती रक्कम देऊ केली. बहुतेकांचा डोळा त्या रकमेवरच होता. सेबीने २०१४ मध्ये हंगामी आणि २०१६ मध्ये अंतिम आदेश देऊन ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, तेव्हा थकलेला आकडा सात हजार कोटींच्या घरात होता. रात्रींचा पॉइंटांसारखाच आकडा झाला होता, आणि त्यामागे खरोखर किती खोल्या आहेत हे मोजायला कुणी गेलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की पॉइंट घ्यावेत की न घ्यावेत, हा प्रश्न दुय्यम. रिसॉर्टचे फोटो दाखवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पॉइंटांचा तक्ता बदलायचा अधिकार कोणाला? एकूण पॉइंट बांधलेले आहेत का? आणि बदलीच्या पेढीशी तुमचा करार कधी संपतो? उत्तर 'सर, ते तुम्हाला नंतर ईमेल करतो' असं आलं, तर भेटवस्तूचं कूपन तिथेच ठेवून उठावं.