बढती हुकली, करंडक आला

२१ मे २०१६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर हिबर्नियनने स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा हा क्लब देशाच्या दुसऱ्या श्रेणीत होता, आणि पुढच्या वर्षीही तिथेच राहणार हे आठवडाभर आधीच ठरून गेलं होतं. त्या एका दुपारबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण तेवढीच दुपार उचलून दाखवली की तिच्यामागचे नऊ-दहा महिने झाकले जातात. ‘कपाने हंगाम वाचवला’ असं म्हणायची पद्धत पडलीय, ती मला पटत नाही. कप आणि लीग ही दोन वेगळी खाती नव्हती. तेच पंधरा-सोळा खेळाडू, तेच पाय, तेच बुधवार-शनिवार. एकीकडे जे मिळालं त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली, आणि माझ्या मते ती योग्य होती.

एडिनबरामधल्या आयरिश स्थलांतरितांनी १८७५ साली हा क्लब काढला. पुढे बंदराकडचा लीथ भाग हे त्याचं घर झालं आणि ईस्टर रोड हे मैदान. क्लबचा इतिहास लहान नाही. १९४८, १९५१ आणि १९५२ साली लीगचं विजेतेपद, गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉनस्टन, लॉरी रायली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड ही पाच आक्रमकांची गाजलेली फळी, आणि १९५५-५६ मध्ये युरोपियन कपमध्ये उतरणारा पहिला ब्रिटिश क्लब हा मान. पण स्कॉटिश कप म्हटलं की मान खाली जायची. तो शेवटचा जिंकला होता १९०२ मध्ये. त्यानंतर दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि दहाही वेळा हात हलवत परतले. १९७२ मध्ये सेल्टिककडून ६-१. २०१२ मध्ये तर शेजारच्या, हाडवैरी हार्ट्‌सकडून ५-१. तो पराभव ज्यांनी पाहिला त्यांना पुढची चार वर्षं हार्ट्‌सच्या पाठीराख्यांनी विसरू दिला नाही.

त्यात २०१४ ची घसरण. हॅमिल्टनविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये पहिला सामना बाहेर २-० जिंकून हिब्ज, म्हणजेच हिबर्नियन, घरी आले, घरच्या मैदानावर ०-२ हरले आणि पेनल्टींवर खालच्या श्रेणीत गेले. पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत हार्ट्‌स, रेंजर्स आणि हिब्ज असे तीन मोठे क्लब एकदम होते. हार्ट्‌स थेट वर गेले. हिब्ज दुसरे आले, पण प्ले-ऑफमध्ये रेंजर्सनी त्यांना अडवलं, आणि शेवटी रेंजर्सही वर जाऊ शकले नाहीत. म्हणजे २०१५-१६ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर.

या श्रेणीत दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ सामने. पहिला क्रमांक थेट वर. दुसरा, तिसरा आणि चौथा प्ले-ऑफच्या गाळणीत. तिथेही तिसऱ्याने आधी चौथ्याशी दोन सामने खेळायचे, मग दुसऱ्याशी दोन, मग वरच्या श्रेणीतल्या अकराव्याशी दोन. म्हणजे पहिला आणि तिसरा यांच्यात नुसत्या गुणांचा फरक नसतो, थकलेल्या मे महिन्यात आणखी सहा सामन्यांचा असतो. शिवाय अलोआ, डम्बार्टनसारख्या छोट्या क्लबांतले खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. त्यांच्या मैदानावर मोठ्या नावाचा संघ आला की ते जीव तोडून खेळतात. अशा जागी सांडलेला एकेक गुण शेवटी हिशेबात येतो.

सुरुवात वाईटच झाली. जुलैत चॅलेंज कपमध्ये रेंजर्सनी ईस्टर रोडवरच ६-२ ने धुवून काढलं. त्याच उन्हाळ्यात संघाचा सर्वात सर्जनशील मध्यरक्षक स्कॉट ॲलन याच्यासाठी रेंजर्सनी पुन्हा पुन्हा बोली लावली. प्रतिस्पर्ध्याला विकायचं नाही, असं क्लबने ठणकावून सांगितलं आणि शेवटी तो सेल्टिककडे गेला. त्याच सुमारास सेंट मिरनकडून आलेला एक दणकट तरुण मात्र फारसा चर्चेत नव्हता. जॉन मॅकगिन त्याचं नाव. ॲलन गेल्याची खंत लीथमध्ये फार दिवस टिकली नाही ती त्याच्यामुळे.

प्रशिक्षक ॲलन स्टब्स यांनी संघ सावरला. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी ईस्टर रोडवर रेंजर्सना २-१ हरवलं आणि वर्षाच्या शेवटापर्यंत हिब्ज त्यांच्या मागे चिकटून राहिले. २८ डिसेंबरला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर ४-२ ने हार झाली, आणि मागे वळून पाहता पहिल्या क्रमांकाची शर्यत तिथेच सुटत गेली असं म्हणावं लागतं.

पण याच संघाने दरम्यान काय केलं ते पाहा. लीग कपमध्ये ॲबरडीनला २-०, डंडी युनायटेडला ३-०, उपांत्य फेरीत सेंट जॉनस्टनला २-१. हे तिन्ही वरच्या श्रेणीतले. फेब्रुवारीत स्कॉटिश कपसाठी हार्ट्‌सच्या मैदानावर गेले, बराच वेळ ०-२ ने मागे होते. दहा मिनिटं उरली असताना जेसन कमिंग्जने एक गोल फेडला आणि अगदी शेवटी पॉल हॅन्लनने दुसरा. हॅन्लन हा क्लबच्या तरुण संघातून वर आलेला बचावपटू, २०१२ चा तो ५-१ त्याने मैदानावर उभं राहून सोसलेला. फेरसामना घरी १-० जिंकला. हॅन्लनच्या त्या गोलची किंमत लीथमध्ये राहणाऱ्यालाच कळेल.

मार्चमधले चार दिवस मला या हंगामाचं काळीज वाटतात. १३ तारखेला लीग कपची अंतिम फेरी, समोर रॉस काउंटी. लियाम फाँटेनने बरोबरी साधून दिली, पण ९० व्या मिनिटाला ॲलेक्स शाल्कने गोल केला आणि १-२ ने करंडक गेला. तीनच दिवसांनी स्कॉटिश कपच्या उपांत्यपूर्व फेरीचा फेरसामना, तोही पार उत्तरेला इनव्हर्नेसमध्ये, गतविजेत्यांच्या घरी. अशा वेळी संघ कोलमडला असता तर कुणी दोष दिला नसता. सेल्टिककडून उसना आलेला अँथनी स्टोक्स दोन गोल करून गेला, हिब्ज २-१ ने जिंकले.

स्कॉटिश कपच्या उपांत्य सामन्यात नेहमीचा गोलरक्षक मार्क ऑक्सली निलंबित. त्याच्या जागी उभा राहिला कॉनरॅड लोगन, टाचेच्या वरच्या शिरेच्या गंभीर दुखापतीमुळे वर्षाहून जास्त काळ एकही सामना न खेळलेला, सरावाअभावी अंगाने थोडा सुटलेला. हिब्जकडून त्याचा हा पहिलाच सामना. डंडी युनायटेडविरुद्ध कमिंग्जने पेनल्टीला चेंडू गोलच्या मधोमध अलगद उचलून मारायला जाऊन तो आडव्या दांड्यावरून घालवला. सामना ०-० राहिला, लोगनने शूटआऊटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या आणि निर्णायक पेनल्टी मारायला तोच कमिंग्ज पुढे आला. या वेळी त्याने गोल केला.

लीगमध्ये मात्र याच काळात गुण गळत होते. हंगामअखेर रेंजर्स ८१, फॉलकर्क ७०, हिब्ज ७०. गोलफरकाने दुसरा क्रमांक फॉलकर्कला आणि हिब्जना तिसरा. प्ले-ऑफमध्ये रेथ रोव्हर्सला पार करून फॉलकर्कशी गाठ पडली. ईस्टर रोडवर २-२. तिकडे पुन्हा बरोबरी दिसत असताना इंज्युरी टाइममध्ये बॉब मॅकह्यूचा गोल, ३-२. संपलं. वर्षभर ज्यासाठी राबले ते त्या संध्याकाळी गेलं. पन्नासहून जास्त सामने खेळून झालेले, आणि आठवडाभराने पुन्हा हॅम्पडेन, समोर श्रेणीविजेते रेंजर्स. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात वरच्या श्रेणीतला एकही संघ नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

तिसऱ्याच मिनिटाला स्टोक्सने गोल केला. केनी मिलरने बरोबरी केली, दुसऱ्या सत्रात अँडी हॅलिडेने लांबून सणसणीत फटका मारून रेंजर्सना आघाडी दिली. ऐंशीव्या मिनिटाला हेंडरसनचा कॉर्नर आणि स्टोक्सचं डोकं, २-२. लियाम हेंडरसन हाही सेल्टिकचा उसना, जेमतेम विशीचा पोरगा, राखीव बाकावरून आलेला. ९२ व्या मिनिटाला पुन्हा त्याचाच कॉर्नर. कर्णधार डेव्हिड ग्रे, खरं तर उजव्या बाजूचा बचावपटू, गर्दीतून धावत पुढे आला आणि गोलसमोर मोकळा सापडला. त्याने हेडर मारला. ३-२. ११४ वर्षं संपली.

शिट्टी वाजल्यावर हजारो लोक मैदानात उतरले. त्यातल्या काहींचं वागणं वाईट होतं, दोन्ही बाजूंचे पाठीराखे भिडले, गोलचे खांब मोडले. ते घडलं नसतं तर फार बरं झालं असतं. मैदान मोकळं करून करंडक द्यायला वेळ लागला, आणि मग हिब्जच्या हिरव्या बाजूने प्रोक्लेमर्सचं ‘सनशाइन ऑन लीथ’ सुरू झालं. हे गाणारे रीड बंधू स्वतः हिब्जचे. रेंजर्सची बाजू एव्हाना रिकामी झाली होती, त्यामुळे अर्ध्या स्टेडियमचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही त्यातलं ओझं जाणवतं. दुसऱ्या दिवशी लीथ लिंक्सच्या मैदानाकडे निघालेल्या मिरवणुकीला एवढी गर्दी लोटली की खुल्या बसला पुढे सरकायला जागा नव्हती.

स्टब्स यांनी दोन हंगामांत बढती मिळवून दिली नाही. काही दिवसांतच ते इंग्लंडमध्ये रॉदरहॅमला गेले. त्यांच्या कामाचं मोजमाप गुणतक्त्यावरून करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या संघाने एका वर्षात ॲबरडीन, डंडी युनायटेड, सेंट जॉनस्टन, हार्ट्‌स आणि इनव्हर्नेस अशा वरच्या पाच क्लबांना बाहेर काढलं, तो संघ बांधला त्यांनी. त्यांच्या जागी नील लेनन आले तेव्हा पायाभरणी झालेली होती. कप जिंकल्यामुळे जुलैत दुसऱ्या श्रेणीतला हा क्लब युरोपा लीगमध्ये डेन्मार्कच्या ब्राँडबीशी खेळला आणि पेनल्टींवर हरला. २०१७ मध्ये श्रेणीचं विजेतेपद घेऊन हिब्ज वर गेले. मॅकगिन पुढे ॲस्टन व्हिलाचा कर्णधार झाला. लुइस स्टीव्हन्सन, ज्याच्याकडे २००७ चा लीग कप आणि २०१६ चा स्कॉटिश कप ही हिब्जची दोन्ही पदकं आहेत असा एकमेव खेळाडू, २०२४ पर्यंत ईस्टर रोडवर राहिला. आणि त्याच वर्षी क्लबने प्रशिक्षक म्हणून डेव्हिड ग्रेची नेमणूक केली.