घर सोडलेल्या मंडळीची नवी घडी

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते स्टीफन हिस्लॉप 1845 साली त्या शहरात आले. गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि लिंगोचे गीत त्यांनी टिपून ठेवले. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये छापली गेली. त्यांना पाठवणारी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

तिचा जन्म वादातून झाला. प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो. गावच्या मंडळीचा कारभार पाळक आणि वडील मिळून ‘सेशन’मध्ये पाहतात; त्यावर त्या भागाची प्रेस्बिटरी, मग सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली. पण स्कॉटलंडमध्ये या व्यवस्थेत एक पाचर होती. 1712 च्या कायद्याने पाळक सुचवण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे किंवा राजसत्तेकडे गेला होता. 1834 मध्ये असेंब्लीने ठरवले की, बहुसंख्य कुटुंबप्रमुख नको म्हणतील तो पाळक मंडळीवर लादायचा नाही. त्याच वर्षी ऑख्टरआर्डर गावी जमीनदाराने सुचवलेल्या उमेदवारासाठी दोघांनी सही केली. नकार देणारे पावणेतीनशेहून अधिक निघाले. प्रकरण कोर्टात गेले आणि 1839 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मंडळीच्या विरुद्ध निकाल दिला.

18 मे 1843 रोजी एडिंबरोत असेंब्ली भरली. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागे निघालेले पाळक चालत टॅनफील्ड हॉलमध्ये गेले. तेथे थॉमस चामर्स अध्यक्ष झाले. अखेर सुमारे 1200 पैकी 474 पाळकांनी पगार, घर आणि उपदेशपीठ सोडले. जे राहिले त्यांना भित्रे म्हणू नये. कायद्याने मिळालेली मिळकत भोगायची तर कायदाही पाळावा, हे त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

बाहेर पडणे एका दिवसात झाले. खरी परीक्षा पुढे होती. पाळकांना खायला कोण घालणार? चामर्स यांनी सस्टेंटेशन फंड उभा केला. सामान्य माणसाने आठवड्याला एक पेनी द्यावी. घरोघरी जमा झालेला पैसा त्या मंडळीच्या पाळकाला न देता एडिंबरोला जाई आणि तेथून सर्व पाळकांना सारखा वाटा मिळे. श्रीमंत मंडळीने आपल्या पाळकाला वर भर घालावी, पण आधी डोंगराळ भागातल्या गरीब मंडळीचा पाळक जगला पाहिजे. पैशाचा हिशेब ठेवायला मंडळीत ‘डीकन्स कोर्ट’ आले. माझ्या मते, असेंब्लीतल्या सगळ्या भाषणांपेक्षा या एका योजनेने फ्री चर्च तगली.

काही जमीनदारांनी चर्चसाठी जागाच नाकारली. स्ट्रॉन्टियनच्या लोकांनी 1846 मध्ये तरंगते चर्च बांधून घेतले आणि ते सुनार्ट खाडीत नांगरले!

फंडावर एक डागही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील, गुलाम बाळगणाऱ्यांच्या मंडळ्यांकडून आलेली सुमारे 3000 पौंडांची देणगी फ्री चर्चने घेतली. ‘पैसे परत करा’ म्हणून स्वतः गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस 1846 मध्ये स्कॉटलंडभर बोलत फिरले. पैसे परत गेले नाहीत.

हिंदुस्थानातील चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी एकजात नव्या मंडळीत आले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना शाळेची इमारत सोडावी लागली. मुंबईत जॉन विल्सन यांनाही नव्याने मांडामांड करावी लागली. जुन्या ठाण्यांचीच अशी ओढाताण चालू असताना फ्री चर्चने नागपूरचे नवे ठाणे उघडले.

पाळक सुचवण्याचा जमीनदारांचा हक्क 1874 मध्ये कायद्यानेच रद्द झाला. तरी दोन्ही बाजूंच्या बहुतेकांना एका छताखाली यायला 1929 साल उजाडले.